त्या वाटेचं मला माहीत होतं

रूपाली,

तुझ्या तेराव्याला दारात चपला काढायला जागा नव्हती. गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्या लागल्या होत्या, ठाण्याच्या, मुंबईच्या, एक तर पार पुण्याची. मी तुझी मोठी जाऊ, पदर खोचून पंगतीत भात वाढत होते, आणि मनात काय येत होतं सांगू? माझ्या वेळेला एवढी माणसं येतील का? शी! जावेच्या तेराव्याला असलं मनात आणणारी बाई कसल्या लायकीची, ते तूच ठरव. पण आलं मनात. आता तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळायचंय.

त्यात आपल्या आळीतल्या म्हाताऱ्या. "सवाष्ण गेली गं, भाग्याची." असं तोडून बोलावंसं वाटलं मला! एक्केचाळीस वर्षांची बाई, नवरा, सासरा, एवढा वाढवलेला धंदा, कपाटात घडी न मोडलेल्या दोन साड्या, हे सगळं टाकून जाण्यात कसलं आलंय भाग्य? पण मी म्हटलं, "आजी, भात घ्या अजून."

तुझ्यावर लिहायला बसले तर तुझे गुण लिहावेत. ते सगळ्यांनी लिहिले, फोटोखाली हात जोडून. मला दुसरंच लिहायचंय. खालापूरच्या बाजूला डोंबिवलीच्या मास्तरांसाठी तू जी जागा बघितलीस, तिच्या वाटेबद्दल मी तुझ्याशी खोटं बोलले होते. तुला ते कळलं होतं का, हे मला विचारू न देताच तू गेलीस, म्हणजे मी न सांगताच तू गेलीस. बघ, अजूनही वाक्य मी माझ्या सोयीनं फिरवतेय.

आधी हेव्याचं सांगते, म्हणजे खोट्याचं कळेल.

जमिनी दाखवण्याचा धंदा या घरात आप्पांनंतर मी केला. बावीस वर्षं. सासऱ्याच्या मागं सून छत्री घेऊन बांधाबांधानं हिंडतेय, हे कर्जतमधल्या लोकांनी आधी हसून पाहिलं, मग सवयीनं. पूर्वेला कुणाचं खाचर, ओढा कुठून वळतो, कुठल्या दगडावर हद्द आणि कुठल्या भावानं तो दगड रातोरात हलवलेला, सगळं माझ्या डोक्यात. वही नाही, कागद नाही. लोक म्हणायचे, मंदावहिनींना विचारा, त्यांना सातबारा तोंडपाठ आहे. ऐकलं की बरं वाटायचं. मग तू आलीस.

म्हणजे लग्न होऊन तू आधीच आली होतीस. पण नेरळच्या त्या बिल्डरच्या ऑफिसातली नोकरी सोडून तू चार फाट्याजवळच्या आपल्या गाळ्यात येऊन बसलीस, तेव्हापासून मी तुला खरी बघायला लागले. टेबलावर लॅपटॉप, त्याच्या शेजारी तिपाई, आणि एक काळा डबा. मी विचारलं, "ह्यात काय शिवण आहे का?" तू हसलीस. "ताई, ड्रोन आहे. आणि हा गोल कॅमेरा, खोलीच्या मधोमध ठेवला की चारी भिंती एकदम घेतो." मी म्हटलं, "आणि चहा कोण करतं? तोच?" तू उठून चहा केलास. मला वाटलं, जिरली. तुझी कधी जिरलीच नाही गं, कारण तुला लागायचंच नाही काही.

आपली पहिली भांडणं आठवतात? आपल्या धंद्यातला अलिखित कायदा, की पार्टीला गट नंबर सांगायचा नाही आणि जागेचा पत्ता तर मुळीच नाही. पार्टीला स्टेशनवर उतरवून घ्यायचं, रिक्षात घालायचं, आणि दोन वळणं जास्तीची घेऊन जागेवर न्यायचं. म्हणजे पुढच्या रविवारी आपल्याला टाळून एकटी आली, तर जागा सापडू नये. आप्पांनी मला शिकवलेला हा पहिला धडा. आणि तू? सकाळी चौकशी आली की दुपारपर्यंत लोकेशन, गट नंबर, ऑनलाइन काढलेला सातबारा, गावचा नकाशा, सगळं पार्टीच्या फोनवर.

"अगं बाई, थेट मालकाला गाठतील ते! आपण काय टाळ वाजवायचे?"

"गाठू देत ना ताई. मालक काय त्यांना फेरफार समजावून सांगणार आहे?"

आणि खरंच, गाठलं काहींनी. आणि गाठून पुन्हा तुझ्याकडंच आले. का आले, ते मला कधी समजलं नाही. मी दडवून ठेवलेली माणसं एकदा निसटली की निसटली, आणि तू मोकळी सोडलेली परत येत होती. कुणाच्याही पोटात दुखेल. माझ्या दुखलं.

तुझं ते लेझरचं यंत्र घे. मुठीएवढं. नेरळच्या फ्लॅटमध्ये मी आपली फीत घेऊन भिंतीला लागले होते, एक टोक पार्टीच्या बाईंच्या हातात, एक माझ्या. तू दारात उभी राहिलीस, भिंतीवर लाल ठिपका टाकलास, आणि झालं. वर बिल्डरच्या माणसासमोर बोललीस, की छापलंय त्यापेक्षा हॉल वीतभर कमी भरतोय. तो माणूस लाल झाला. घरी येताना मी तुला फाडून खाल्लं. "सगळं उघडं करून धंदा होतो होय? जरा तोंडाला आवर घाल!" तू म्हणालीस, "ताई, राहायला गेल्यावर त्यांचं कपाट बसलं नसतं. मग आपल्याला शिव्या दिल्या असत्या." हे भांडण आपलं मिटलंच नाही. मी अजूनही म्हणते, वीतभर काही जास्त नसतं. पण त्या बाईंनी फ्लॅट तुझ्याकडूनच घेतला, दुसरा, आणि तुझ्या तेराव्याला सगळ्यात जास्त त्याच रडत होत्या.

आणि गिऱ्हाइकांच्या नोंदीचं ते ॲप. कुणाच्या आईला जिना चढवत नाही, कुणाला पश्चिमेचा दरवाजा नको, कुणाच्या मुलीची बारावी आहे म्हणून मार्चपर्यंत फोन करायचा नाही. फोन आपणहून तुला आठवण करून द्यायचा, आणि तू बोलायला लागलीस की समोरच्याला वाटायचं, ही बाई आपल्याच विचारात होती. मी म्हणायचे, यंत्रानं लावलेली माया. तू म्हणायचीस, "माया माझीच आहे ताई, लक्षात ठेवायचं काम तेवढं यंत्राला दिलंय." बोलायला मात्र पक्की होतीस.

ड्रोनवर घारीनं झडप घातली तो दिवस तर मी जन्मात विसरायची नाही. भिवपुरीकडच्या माळावर तू तो उडवलास, आजूबाजूची माणसं कामं टाकून वर बघत बसली, आणि कुठून तरी घार आली ती सरळ त्याच्यावरच. ड्रोन ऐनाच्या झाडात. तू चप्पल काढून त्या झाडाखाली गेलीस आणि मी बांधावर बसून हसत होते. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तुला वाटलं मी गंमत म्हणून हसतेय. तू पण हसायला लागलीस. मी आनंदानं हसत होते गं, की मोडला एकदाचा.

मोडला नव्हता.

आता पौषातला तो दिवस. तू खालापूरकडची ती डोंगराखालची जागा चित्रित करून आणलीस आणि दुपारी जेवणं झाल्यावर घरच्या टीव्हीवर लावलीस. आप्पा, सुनीलभावजी, रजेवर असलेले आमचे हे, सगळे समोर बसले. वरून दिसणारी ती जागा, मागं डोंगर, एका कडेला आंब्याची तीन झाडं, आणि मुख्य रस्त्यापासून थेट जागेपर्यंत गेलेली स्वच्छ पांढरी वाट, टेंपोच्या चाकांचे ठसेसुद्धा दिसत होते. आप्पा पुढं सरकून बसले. म्हणाले, "हिनं डोंगर उचलून घरात आणला की रं, सुनील."

बावीस वर्षं, रूपाली. बावीस वर्षं मी त्या माणसाच्या मागं चिखल तुडवला. ऐन उन्हात त्यांना सोडून घरी आले नाही कधी. एकदाही माझ्याबद्दल आप्पा असं बोलले नाहीत. "बरं केलंस" सुद्धा नाही. मी ताटं उचलत होते, ती तशीच हातात राहिली.

ती वाट मला ठाऊक होती. माझी मावशी त्या जागेच्या पलीकडच्या वाडीत दिलेली. गौरींना मी लहानपणापासून तिथूनच जायचे, चपला हातात घेऊन. ती वाट नव्हतीच मुळी. ते नारायणबाबांचं भाताचं खाचर होतं. दिवाळीत भात कापून झालं की बाबा बांध फोडून देतात, मग पलीकडच्या लोकांच्या गाड्या, टेंपो तिथून ये-जा करतात. मृग लागला की बाबा बांध पुन्हा घालून घेतात, आणि पावसाळाभर तिथं गुडघाभर पाणी आणि भात. पलीकडच्यांनी बांधावरून चालत जायचं. पिढ्यान्‌पिढ्या असंच. नकाशात रस्ता नाही, पण आपल्याकडं निम्म्या जागांना नकाशात रस्ता नसतोच, वहिवाटीवर चालतं. तू पौषात वरून पाहिलंस, तुला वाट दिसली. आषाढात पाहिलं असतंस तर भात दिसलं असतं. तुझी चूक एवढीच.

आणि तू विचारलंस गं मला. टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात आलीस आणि म्हणालीस, "ताई, तुमची नजर जुनी. काही राहिलंय का बघायचं?"

मी म्हटलं, "छान आहे की. सगळं तर दिसतंय."

एवढंच. मूग गिळून गप्प बसले. मनात म्हटलं, पडू दे तोंडावर एकदा, कळू दे आप्पांना, की पाखरू उडवून जमीन कळत नसते.

डोंबिवलीचे ते निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई जागेवर खूश झाले. टोकन दिलं. खरेदी पावसाळ्यानंतर करायची ठरलं. दोघांनी तिथं लहानसं घर बांधून राहायला यायचं, मास्तरांनी फुलझाडं लावायची, असं सगळं ठरवून टाकलं. आषाढात एका रविवारी त्यांना म्हणे आपली जागा पावसातली बघायची होती. तू घेऊन गेलीस.

संध्याकाळी परत आलीस ती मागच्या दारानं. सलवार मांडीपर्यंत चिखलात, केस निथळत. मी भाकऱ्या थापत होते. तू उंबऱ्याबाहेरच थांबलीस, आत चिखल नको म्हणून, आणि विचारलंस, "ताई, तिथली वाट पावसात बंद असते का? तुम्हाला माहीत होतं?"

मी तव्यावरची भाकरी उलटली. "मला गं काय ठाऊक? मी कुठं जाते तिकडं? तू तर वरून बघितलंस ना सगळं."

तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालीस, "हो. तेही खरंय." आणि न्हाणीकडं गेलीस पाय धुवायला.

दुसऱ्याच दिवशी तू मास्तरांना फोन करून सगळं सांगितलंस. माझी चूक झाली, वाट बारमाही नाही, टोकन परत हवं तर लगेच देते, थांबणार असाल तर दसऱ्यापर्यंत बाबांकडून रस्ता मागून बघते. असं सांगतं का कुणी धंद्यात? मी माजघरातून ऐकत होते आणि वाट बघत होते की आता मास्तर ओरडतील. मास्तर थांबायला तयार झाले. घ्या! पडलीस तीसुद्धा तोंडावर नाही पडलीस.

मग सगळा पावसाळा तू नारायणबाबांकडं जात राहिलीस. ड्रोन डब्यात, लॅपटॉप बंद. छत्री घेऊन पायी, बांधावरून. आप्पा मला म्हणाले, "धाकटी शिकली बघ आता जमीन." तेही श्रेय तुलाच! मी जन्मभर हेच केलं ते कुणाच्या लेखी नाही, आणि तू चार महिने केलंस तर शिकली.

श्रावणात तू आणखी एक केलंस. एजंटांना रेराची परीक्षा द्यावी लागते, ती मी दोनदा टाळली होती. कॉम्प्युटरवर द्यायची म्हणून. मला न विचारता तू माझा फॉर्म भरलास. रोज दुपारी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप उघडायचा आणि माझ्या हातात तो माउस. मी दाबायची एकीकडं आणि बाण जायचा भलतीकडं. "ताई, अलगद. भाकरी नाही थापायची." कार्पेट क्षेत्र म्हणजे काय, प्रकल्पाची नोंदणी ऑनलाइन कुठं बघायची, एजंटानं काय लपवलं तर काय कलम. लपवण्याचं कलम तू मला दोनदा वाचून घ्यायला लावलंस. मी काठावर पास झाले. तू मात्र तुझ्या वेळेला चांगल्या मार्कांनी झालेलीस, आणि पेढे माझ्या निकालाचे वाटलेस. चिडले होते मी तेव्हाही. एवढ्याशा मार्कांचे पेढे वाटून माझी शोभा केली, असं ह्यांना म्हटलं होतं.

पुढचं मी लिहीत नाही. डोकं दुखतंय म्हणालीस आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. एक मात्र लिहायला हवं. दवाखान्यातल्या त्या काचेच्या बाहेर उभी राहून मी ठरवलं होतं, तू शुद्धीवर आलीस की पहिली ती वाटेची गोष्ट सांगायची. पाया पडायचं तुझ्या, लहान असलीस तरी. तू आलीच नाहीस शुद्धीवर. डॉक्टर बाहेर आले, सुनीलभावजी भिंतीला टेकून खाली बसले, मी हंबरडा फोडला. आणि त्या सगळ्यात एक क्षण, एकच, मला सुटल्यासारखं वाटलं. आता सांगायला नको. देवाशपथ रूपाली, असं वाटलं मला. त्या क्षणाची लाज अंगावरून जात नाही.

तेराव्यानंतर भावजींनी तुझा फोन माझ्यासमोर ठेवला. "वहिनी, लोकांचे फोन येतात. मला नाय झेपत. तुमीच घ्या." पहिलाच फोन मास्तरांचा. म्हणाले, मॅडमनी दसऱ्यापर्यंत म्हटलं होतं, दसरा तर होऊन गेला, आम्हाला घाई नाही, पण तुम्हाला काही माहिती आहे का? मी म्हटलं, बघून सांगते.

तुझं ते नोंदींचं ॲप उघडलं. नारायणबाबांच्या नावापुढं तू लिहिलं होतंस: चहा बिनसाखरेचा. गुडघे दुखतात, मालिशचं तेल नेणे. धाकट्या भावाचा विषय काढू नये. रस्ता द्यायला तयार, भात निघाल्यावर सही. वाचलं आणि लगेच माझं नाव शोधलं. आधी भीती, मग हाव, की हिनं माझ्याबद्दल काय लिहिलंय. सापडलं. 'ताई' आणि नंबर. खालची जागा कोरी. रिक्षावाल्यापुढंसुद्धा तू काहीबाही लिहून ठेवलंस, आणि माझ्यापुढं एक अक्षर नाही. बराच वेळ ती कोरी जागा बघत बसले. काही कळेना, तुला ठाऊक होतं म्हणून कोरी, की ठाऊक नव्हतं म्हणून.

भात निघालं तशी मी गेले बाबांकडं. मालिशचं तेल घेऊन. बांध फोडून यंदाची वाट पडली होती, गाडी सरळ अंगणापर्यंत गेली. बाबा खळ्याच्या कडेला बसले होते. मला बघून म्हणाले, "मंदा ना गं तू? आली का शेवटी?"

मी तुझं सांगितलं. त्यांना कळलं होतं. मग म्हणाले, "लई येळा आली पोर. पयल्यांदा आली तवा मीच तिला म्हटलं, तुज्या जावंला ठाव हाय की समदं. ती तर ल्हानपनापासून गौरींना इथूनच जायाची, चपला हातात घिऊन. तिला नाय इचारलं?"

पहिल्यांदा आली तेव्हाच. म्हणजे आषाढात, त्याच आठवड्यात.

मी विचारलं, "मग काय म्हणाली?"

"म्हनाली, नाय बाबा, माझीच चूक. मी ताईंना इचारायचंच इसरले. इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

विचारायचं विसरले! तू विचारलं होतंस रूपाली. दोनदा विचारलं होतंस. एकदा टीव्ही बंद करून, एकदा चिखलात उभी राहून. एवढीएवढी गोष्ट फोनमध्ये लिहून ठेवणारी बाई तू, तू विसरशील? म्हणजे माझ्यासाठी तू त्या म्हाताऱ्याशी खोटं बोललीस. माझ्या माहेरच्या ओळखीच्या माणसापुढं माझं तोंड काळं होऊ नये म्हणून. आणि त्यानंतर श्रावणभर माझ्या शेजारी ओट्याला टेकून मला माउस धरायला शिकवत होतीस, माझ्या हातचं जेवत होतीस, माझ्या निकालाचे पेढे वाटत होतीस. सगळं माहीत असून. तुझ्या जागी मी असते तर कर्जत स्टेशनपासून खालापूरपर्यंत बोंब मारली असती. मला असं कसं गं नाही जमत? ड्रोनचा हेवा केला, लेझरचा केला, आप्पांच्या एका वाक्याचा केला, पण खरं ज्याच्यावर जळायला हवं होतं ते मला दिसलंच नव्हतं. ते आता दिसलं, आणि असा जळफळाट झाला की मी त्या खळ्यावर बसून रडले. दुःखानं कमी, रागानं जास्त.

बाबा म्हणाले, "रडू नको. तिनं तर सांगितलं, इसरली म्हनून."

"विसरली नव्हती बाबा. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही. विचारलं तरी सांगितलं नाही. मला तिचं बघवत नव्हतं."

जगात पहिल्यांदा मी हे कुणाला तरी बोलले. बाबांनी माझ्याकडं बघितलं, मग खळ्यावरच्या भाताकडं. "च्या घे," म्हणाले. "बिनसाखरंचा हाय."

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं, की रस्ता देतो, खाचराच्या कडेनं, बारमाही, जीप जाईल एवढा. वकिलाकडं येऊन सही करतो. "पन कागदावर लिव, रूपालीच्या सांगन्यावरून दिला म्हनून. तिला शबुद दिलाय मी. तुला नाय."

वकील म्हणाले, संमतीपत्रात असलं काही लिहायची गरज नसते, कायद्यात त्याला काही अर्थ नाही. मी म्हटलं, असू दे. मीच टाइप केलं, तुझ्या लॅपटॉपवर, एका बोटानं. कैलासवासी सौभाग्यवती रूपाली यांच्या विनंतीवरून. पाऊण तास लागला. आता मास्तर घर बांधतील, पावसाळ्यात गाडी दारापर्यंत जाईल, आणि जो तो म्हणेल, रूपाली मॅडमनी मेल्यावरसुद्धा रस्ता काढून दिला. माझं नाव कुठंच नाही. मीच घातलं नाही.

तुझं नाव माझ्या हातानं लिहिताना पोटात दुखलं नाही, असं लिहिणार होते इथं. पण माझं खोटं तुला लगेच कळतं. दुखलं गं. तरी लिहिलं.